अख्खी गोळी

अख्खी गोळी घशात अडकते, म्हणून रक्तदाबाची गोळी मी रोज अडकित्त्याने फोडून घेतो. काल ते लेकीने पाहिलं. ती एम.फार्म. करते, म्हणजे नेमकं काय, हे मी पाहुण्यांना दोन वर्षं नुसतं खाकरून सांगतोय.

"अहो बाबा, ही दिवसभर हळूहळू विरघळायची गोळी! फोडलीत की सगळं औषध एकदम अंगात. दोन वर्षं मी हेच तर शिकतेय."

"मग सांगायचं तरी!"

"विचारलंत कधी?"

आज गोळी तळहातावर घेऊन बघत बसलो. एवढ्याशा ठिपक्यात कुणीतरी माझी संध्याकाळसुद्धा जपून ठेवलेली. आणि आम्ही सकाळीच अडकित्ता चालवणारे! गोळी अख्खी गिळली आणि हाक मारली, "हळूहळू म्हणजे कशी गं विरघळते?"

ती पाऊण तास सांगत होती. मला काही कळलं नाही. मग पुन्हा विचारलं.