शेलूबाजारात फोन टेकवला तेव्हा

माझा फोन जुना झाला आहे, ही गोष्ट माझ्याशिवाय सगळ्यांना मान्य आहे. त्याचं मागचं झाकण रबर बँडने धरलेलं असतं आणि बोलताना तो कानाला चटके देतो (थंडीत याचा उपयोगच होतो, पण ते कोणी बोलत नाही). पुण्याचा मुलगा दर खेपेला नवा घेऊन देतो म्हणतो आणि मी दर खेपेला त्याला काटकसरीवर व्याख्यान देतो. त्यातच मला शोध लागला की, या म्हाताऱ्या फोनमध्येही नुसतं टेकवून पैसे भरायची सोय आहे. दुकानातल्या मशीनला फोन टेकवायचा, की झालं. तेव्हापासून मी टेकवायची संधी शोधत होतो.

ती मिळाली मेव्हणीच्या मुलीच्या, पिंकीच्या लग्नात. लग्न कामरगावला. वाशिमहून मी, बायको मंदा आणि सासूबाई असे तिघं निघालो. सासूबाईंना मी मामी म्हणतो. नातीची हळदीची साडी आजीकडून जाणार होती, ती वाटेत शेलूबाजारला घ्यायची होती आणि हळद त्याच संध्याकाळी होती. साडीचे पैसे जावई देणार, असं मी निघण्यापूर्वीच जाहीर केलं. एवढ्यावर थांबलो असतो तर बरं होतं. मंदाने पर्समध्ये घेतलेल्या नोटा मी कपाटात परत ठेवायला लावल्या, आणि तिचा फोन चार्जिंगला लागला होता तोही घरीच राहू दिला. जीपचं भाडं सोडून आमच्याजवळ काही नव्हतं.

"अन् तुमचा फोन चालला नाई त?" मंदाने विचारलं.

मी हसून फोन खिशात टाकला.

मामी साडी निवडतात ते बघण्यासारखं असतं. शेलूबाजारच्या दुकानात त्या गादीवर बसल्या, पदर दाराकडच्या उजेडात धरला, काठ चुरगाळून सोडला आणि पन्नास साड्यांच्या ढिगातून हिरव्या काठाची एक पिवळी साडी अशी उचलली, जशी ती आधीपासून त्यांचीच होती. शेटजींनीही मान डोलावली. साडी पिशवीत गेली, आणि मी शर्टाच्या बाह्या सावरत पुढे झालो.

फोन टेकवला. काहीच झालं नाही. पालथा करून टेकवला. मग रबर बँड काढून टेकवला, तेव्हा झाकण पडलं. मशीनभोवती मी फोन इतक्या वेळा फिरवला की, बाजूच्या गिऱ्हाइकाला वाटलं मी आरती ओवाळतोय. त्याने चपला काढल्या. शेवटी फोननेच खुलासा केला. पैशांचं ॲप जुनं झालंय, आधी नवं उतरवून घ्या. उतरवायला गेलो, तर फोनमध्ये जागा नाही. जागा करायची तर फोटो काढून टाका.

मी गादीवर मांडी घालून फोटो पुसायला बसलो. मंदा शेजारी देखरेखीला बसली. तिच्या माहेरचा एकही फोटो पुसायला तिची परवानगी नव्हती. भावाच्या म्हशीचासुद्धा नाही.

"मंग काय पुसू?" मी विचारलं.

"तुमचा सत्कार झाला होता ना, ते पुसा. एकसारकेच त हायेत."

माझा अख्खा सत्कार शेलूबाजारात पुसला गेला. तेव्हा कुठे ॲप मुंगीच्या पावलांनी उतरू लागलं, आणि बॅटरीने लाल रंग दाखवला. दुकानात चार्जर होते, पण माझ्या फोनच्या तोंडात जाईल असा एकही नव्हता. शेटजींनी शेजारच्या तीन दुकानांत माणूस पाठवला. मोबाइल दुरुस्तीवाल्याने निरोप दिला म्हणे, की अशी पिन कुठे सापडली तर त्यालाही एक हवी आहे. शेटजींच्या फोनवरून मुलाला सांगून पैसे मागवता आले असते. पण त्यापेक्षा मी शेलूबाजारातच कायमचा राहिलो असतो.

या सगळ्या वेळात मामी मात्र रिकाम्या बसल्या नव्हत्या. शेजारच्या गादीवर केनवडचं एक कुटुंब साड्यांचा ढीग उपसून अडलं होतं. मुलीला जांभळा रंग हवा, आईला वाटे तो सावळ्या अंगावर खुलून दिसणार नाही. मामी सरकत सरकत तिथे पोचल्या. पाच मिनिटांत त्यांना त्या घरचं लग्न कधी, सून कुठली, सगळं माहीत झालं. मग त्यांनी मला हाक मारली.

"जावईबापू, इकडं या अन् उभे राहा."

मी उभा राहिलो. त्यांनी ती जांभळी साडी माझ्या खांद्यावर टाकली, पदर छातीवरून नीट बसवला आणि त्या बाईला म्हणाल्या, "पाह्य माय. ह्या रंगावर खुलली, म्हंजे ते कोनाले बी खुलते."

साडी खुलली असावी, कारण ती लगेच विकली गेली. तिच्यामागून मोरपंखी गेली. दारात उभ्या दोन बायका गंमत बघायला म्हणून आत आल्या आणि त्याही साड्या घेऊन गेल्या. खोटं एक अक्षर नाही, आग्रह नाही. एकीला तर मामींनी महागाची सोडून हलकी घ्यायला लावली. शेटजी गल्ल्यावर टेकून ऐकत होते. मी खांदा बदलत होतो. मंदाने हातातला फोन वर करून दाखवला: ॲप पूर्ण उतरलं होतं, आणि ते सांगत होतं की या फोनवर ते चालणार नाही. एवढं बोलून फोन विझला.

माझा चेहरा बघून शेटजी उठले. पण बोलले ते मामींशी. "आजी, साडी घेऊन जा. पोरीची हळद काहून थांबवता? पैसे मंग धाडून देजा." वर चहा सांगितला, आणि जीपवाल्याला थांबवून मामींना पुढची सीट मिळवून दिली.

हळदीला पिंकी त्या साडीत अशी दिसली की, मेव्हणीच्या डोळ्यांत पाणी आलं. शेटजींचे पैसे साडूने मांडवातूनच धाडले. त्याच्या फोनवरून, एका बोटाने.

पण मला जीपमध्येच राहवलं नव्हतं. मी मागच्या सीटवरून म्हणालो, "मामी, आज तुम्ही नसत्या तर माझी काही धडगत नव्हती."

"असं नोका म्हनू, जावईबापू," मामी मागे वळून मनापासून म्हणाल्या. "तुमचा फोन चालला असता, त मले इतल्या साड्या पाहाले भेटल्या असत्या काय?"

माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सासरकडून झालेलं माझं हे पहिलंच कौतुक. ते फोन बंद पडल्याबद्दल होतं, तरी मी घेतलं.