चितपट झाल्यावरची कुस्ती

परंड्याच्या तालमीत आबाराव वस्तादांनी वीस वर्षं पैलवान घडवले. डाव अडला असं कधी झालं नाही, पण बहात्तरच्या दुष्काळात त्यांची तालीम पाण्यावाचून अडली. तालमीतल्या तांबड्या मातीला ताक लागतं, तेल लागतं, वरचेवर पाण्याचा शिपका लागतो, तेव्हा कुठं ती अंगाखाली मऊ राहते. त्या साली टँकरपुढं बायामाणसांना घागरभर पाण्याची मारामार. मातीला कोण विचारतंय? दिवाळीपर्यंत कुस्तीचा मातीचा हौदा वाळून दगड झाला. आबाराव रोज पहाटे कुदळीनं ढेकळं फोडायचे आणि वर पोरांना उतरवायचे.

मग एका सकाळी व्यंकट, त्यांचा सगळ्यात तयारीचा पठ्ठ्या, ढाकेच्या साध्या डावावर गेला तो सरळ खांद्यावर आपटला. खांदा निखळला. हाडवैद्यानं तो बसवला, पण व्यंकटचं ओरडणं आबारावांच्या कानातून जाईना. त्याच दिवशी त्यांनी तालमीला कुलूप घातलं आणि दुसऱ्या दिवसापासून बायको पुतळाबाईबरोबर बार्शी रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागले. वय शेहेचाळीस. हातातला हातोडा त्यांना जड नव्हता. रिकामी संध्याकाळ जड जायची.

अशाच एका संध्याकाळी मल्लिनाथ नावाचा तरुण त्यांच्या दारात आला. सोलापूरचा, खरेदी-विक्री संघात नवा कारकून, अंगानं इतका किडकिडीत की आबारावांना वाटलं कसला तरी फॉर्म भरून घ्यायला आलाय. त्यानं तालमीची किल्ली मागितली.

"कशाला?" आबाराव म्हणाले.

"मी सोलापूरला पाच वर्षं ज्युदो शिकलोय. इथं पोरांना शिकवीन म्हणतो. त्याला माती लागत नाही, पाणीही लागत नाही."

"मग काय लागतं?"

"फाटकी पोती आणि लाकडाचा भुसा. पहिला महिना तर मी नुसतं पडायलाच शिकवतो."

आबाराव हसले. "आमी वीस वर्सं पोरांना पाडायला शिकवलं. पडायला शिकवणारा मास्तर म्या आजच बघितला."

ओट्यावर व्यंकट गळ्यात हात बांधून बसला होता. तो हळूच म्हणाला, "वस्ताद, मला पडायला येत असतं तर खांदा वाचला असता का, एवढं इचारा की त्यांना."

मल्लिनाथनं पायातल्या चपला काढल्या, अंगणातल्या फरशीवर दोन पावलं पळाला आणि स्वतःला पुढं झोकून दिलं. खांद्यावरून चेंडूसारखा गरकन फिरला, तळहात फरशीवर फाडकन आपटला आणि उभा राहिला. विजारीची धूळ झटकली. पुतळाबाई चुलीपुढून उठून दारात आल्या. आबारावांनी तोंडात टाकायला घेतलेली तंबाखू तशीच हातात राहिली. मग ते आत गेले आणि किल्ली घेऊन आले.

संघातली फाटकी पोती, लाकडाच्या वखारीतला भुसा, वर ताणून शिवलेली जुनी ताडपत्री. आठ दिवसांत हौद्याशेजारच्या खोलीत चटई तयार झाली. दिवसभर खडी फोडून, कामावर मिळणारी सुकडी खाऊन आलेली चौदा पोरं तिच्यावर धडाधड पडू लागली. पुढं पडा, मागं पडा, कुशीवर पडा. खोली नगाऱ्यासारखी वाजायची. आबाराव भिंतीला टेकून बघायचे, पण त्यांचे हातपाय आतून वळवळत होते.

शिकवणी सुरू झाल्याच्या आठव्या दिवशी त्यांना राहवलं नाही. ते चटईवर गेले आणि मल्लिनाथची कॉलर धरली. पोरं श्वास रोखून उभी राहिली. आबारावांनी जोर लावला आणि पुढचा माणूस नाहीसाच झाला. तो त्यांच्या खाली शिरला होता. आबारावांचे पाय सुटले, छत गरकन फिरलं आणि नव्वद किलोचा वस्ताद पाठीवर पडला.

आबाराव पडल्या पडल्याच म्हणाले, "ही तर आमची धोबीपछाड."

"होय वस्ताद. फक्त सदरा धरून मारलेली."

"परत मारा."

त्या संध्याकाळी मल्लिनाथनं त्यांना अकरा वेळा पाडलं, आणि दर खेपेला आबाराव आधीपेक्षा खुशीत उठले. दुसऱ्या दिवशी पोरांच्या रांगेत ते सगळ्यात शेवटी येऊन उभे राहिले. पोरांना अवघडल्यासारखं झालं, पण आबाराव म्हणाले, "हौद्यात म्या वस्ताद. चटईवर तुमच्यासंगं पोरगाच." पुतळाबाईंनी मांजरपाटाचे दोन थर एकावर एक घालून, जवळ जवळ टाके भरून त्यांना सदरा शिवला. "गोधडी घालून कुस्ती खेळणारा दादला माझ्याच नशिबी," म्हणाल्या, पण टाके असे भरले की चार माणसांनी ओढलं तरी उसवू नयेत.

मार्चमध्ये सोलापूरच्या एका व्यायामशाळेनं खुल्या स्पर्धा ठेवल्या. मल्लिनाथनं तीन पोरांची नावं पाठवली आणि चौथं, न विचारता, आबारावांचं. एसटीत आबाराव सगळ्यात जास्त बोलत होते. कमरेला नवशिक्याचा पांढरा पट्टा, समोर वीस-बावीस वर्षांची पोरं, तरी पहिल्या दोन लढती त्यांनी धोबीपछाडीवर मारल्या. लोक बाकांवर उभे राहिले. "कोण हा म्हातारा?" अशी विचारणा सुरू झाली.

शेवटची लढत ईरण्णा नावाच्या पोलीस शिपायाशी होती. अंगानं रेड्यासारखा. त्यानं पाय अडकवून आबारावांना मागं रेटलं आणि त्यांची पाठ चटईला लागली. पाठ लागली म्हणजे कुस्ती संपली, हे आबारावांच्या हाडांत मुरलेलं. त्यांनी हात ढिले सोडले, डोळे मिटले. जिंकणाऱ्याला उठू द्यावं म्हणून पडून राहिले.

पण ईरण्णा उठेना. उलट छातीवर आडवा पडून त्यानं त्यांची मान आवळली.

"वस्ताद," चटईबाहेरून मल्लिनाथचा आवाज आला, "नुसतं रेटून पाडलंय, जोरात आपटलेलं नाही, म्हणून पाडणं पुरं धरत नाहीत. त्याला तुम्हाला तीस सेकंद दाबून धरावं लागतंय. लढत चालू आहे, उठा."

चालू आहे. हे दोन शब्द आबारावांच्या अंगातून विजेसारखे गेले. आयुष्यात पहिल्यांदाच चितपट झाल्यावर पुढं काहीतरी शिल्लक होतं. त्यांना एकदम हसू आलं, तसल्या दाबातही. त्यांनी टाचा रोवल्या, मानेवर अंगाची कमान केली. वीस वर्षं रोज व्यायामानं कमावलेली मान होती ती. ईरण्णा उचलला गेला, कलंडला, आणि आबाराव त्याच्यावर आले. मग त्यांनी धरलं ते धरलंच. तीस सेकंद झाले, शिट्टी वाजली, तरी सोडेनात. शेवटी पंचांनी पाठीवर थोपटून सांगितलं, "अहो, सोडा आता त्याला. जिंकलात."

ईरण्णा उठून पायाच पडला. आबारावांनी त्याला मिठी मारली आणि तिथंच विचारलं, "तो पायाचा डाव कसा घातला? दाव की मला." बक्षीस वाटेपर्यंत दोघं कोपऱ्यात एकमेकांना पाडत होते.

पुढच्या पावसाळ्यात हौदा पुन्हा मऊ झाला. सकाळी कुस्ती, संध्याकाळी ज्युदो, असं सुरू झालं. शहात्तर साली मल्लिनाथची लातूरला बदली झाली, तेव्हा वर्ग आबारावांनीच चालवला. एक्क्याऐंशी साली कन्याशाळेच्या बाईंनी अकरा मुली आणून उभ्या केल्या. तालमीत मुलींनी पाय ठेवायचा नाही, असं चार लोक कुरकुरले. आबारावांनी वाद घातला नाही. चटई उचलून लिंबाखाली नेली. बौद्धवाड्यातल्या गवंड्याची पोरगी अयोध्या सगळ्यांत चपळ निघाली. दोन वर्षांनी पुण्याच्या स्पर्धेत तिनं रौप्यपदक आणलं. आबाराव कडेला उभे राहून इतके ओरडले की परत आल्यावर तीन दिवस घशातून आवाज फुटेना. पुतळाबाई शेजारणींना सांगत सुटल्या, लग्न झाल्यापासून घरात एवढी शांतता पहिल्यांदाच आहे.