झोन महापौर

सुरतेत मराठीत लिहायची वेळ माझ्यावर क्वचितच येते. पांडेसऱ्यातल्या एका मिलमध्ये मी साड्यांच्या छपाईची डिझाइनं करतो. तिथे शेठशी गुजरातीत बोलायचं, कारागिरांशी हिंदीत, आणि घरी आईची अहिराणी. शाळा मात्र मराठी माध्यमाची होती. तेवढ्यासाठी इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशात सुट्टीच्या दिवशी लिहीत बसायची सवय लागली. तिथे कुणीही लिहू शकतो, आणि कुणी लिहिलेलं दुसरा दुरुस्त करू शकतो. मी बहुतेक दुरुस्त्याच करतो.

गेल्या उन्हाळ्यात तिथे ‘झोन महापौर’ नावाचं नवं पान दिसलं. शहराच्या प्रत्येक झोनला एक महापौर असतो, तो नागरिकांच्या तक्रारी सोडवतो, असं त्यात लिहिलं होतं. खाली झेंडावंदनाचा एक फोटो. त्यातला माणूस मी लगेच ओळखला. तो आमच्या मागच्याच सोसायटीत राहतो, मोटारसायकलींची सीट कव्हरं शिवायचं त्याचं दुकान आहे. मूळचा आमच्यासारखाच खानदेशातला. पाणी आलं नाही, रेशन कार्डात नाव चढलं नाही, की लोक त्याच्याकडे जातात आणि तो दुकान बंद करून त्यांच्याबरोबर झोन ऑफिसला जातो. लग्नपत्रिकेत त्याच्या नावाखाली ‘झोन महापौर’ छापतात. मीही त्याला ‘महापौर’च म्हणायचो.

पण असं पद नाही. महापौर शहराला एकच. झोनला असतो तो अधिकारी, पगारी माणूस. म्हणून मी पानावर सूचना लावली: असं पद अस्तित्वात नाही, सबब हे पान काढून टाकावं.

असं काही सुचवलं की तिथे चर्चा होते. नागपूरकडचे एक जुने सदस्य आहेत, निवृत्त ग्रंथपाल. त्यांनी लिहिलं, “अस्तित्वात नाही हे पान काढायचं कारण होत नाही. भूतही अस्तित्वात नाही, त्यावर आपलं चांगलं मोठं पान आहे. या पदाबद्दल कुणी त्रयस्थ माणसाने काही लिहिलंय का, ते बघा. लिहिलं असेल तर पान ठेवा, आणि पहिल्याच ओळीत सांगा की हे पद नाही.”

मला ते पटलं. मी आधी चुकीचा प्रश्न विचारत होतो. मग शोधायला लागलो. स्थानिक वर्तमानपत्रांत ‘यावेळी झोन महापौर उपस्थित होते’ अशी वाक्यं सापडली. मात्र हे पद कुठून आलं, लोक ते का मानतात, याबद्दल कुणी एक परिच्छेदही लिहिला नव्हता.

जेवताना आईला हे सांगितलं. ती म्हणाली, “पद नई शे, मंग आपली गटार कोनी साफ करी?”

“त्यांनीच करून घेतली. पण पद नाही.”

“मंग ऱ्हाऊ दे ना,” आई म्हणाली आणि भाकरी वाढली.

पान लिहिणारी व्यक्ती चर्चेत उतरली ती रागातच. ‘घरात बसून निर्णय देऊ नका, सुरतला येऊन पाहा,’ असं तिने लिहिलं. मी उत्तर दिलं की मी सुरतेतच राहतो, पांडेसऱ्यात. मग एकच ओळ आली: ‘मग तुम्ही माझ्या पप्पांना ओळखत असाल.’

मी पत्ता कळवला, आणि रविवारी ती घरी आली. कॉलेजात शिकणारी मुलगी. बायकोने चहा दिला, तो तिने तसाच ठेवला.

“काका, खरंच असं पद नसतं?”

“नसतं.”

“कायद्यात कुठेच नाही?”

“नाही. मी शोधलं.”

“मी लहानपणापासून शाळेच्या फॉर्मवर पप्पांच्या नावापुढे तेच लिहीत आले,” ती म्हणाली. “कुणी कधी काही बोललं नाही.” तिच्या बोलण्यात आता राग नव्हता. बायको म्हणाली, “अगं, तुझ्या पप्पांना विचार ना.”

तिने विचारलं, आणि संध्याकाळी दोघंही आमच्याकडे आले. तो खुर्चीवर अवघडून बसला. बोलायला सुरुवात त्यानेच केली.

“भाऊ, महापालिकेच्या एका निवडणुकीच्या वेळची गोष्ट. पोरगी तेव्हा पाळण्यात होती. पक्षाच्या पुढाऱ्याने मला तिकीट द्यायचं कबूल केलं होतं, मी वस्तीत फिरून माणसं जमवली. ऐन वेळी तिकीट दुसऱ्याला गेलं. आमची माणसं चिडली, तेव्हा सभेत तोच पुढारी मला स्टेजवर घेऊन म्हणाला, आजपासून हे तुमचे झोन महापौर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हारबीर घातले, मला पण बरं वाटलं.”

“आणि नंतर?” मुलीने विचारलं.

“नंतर तो पुढारी परत दिसला नाही. मला वाटलं चार दिवसांत लोक विसरतील. पण नळाचं पाणी बंद झालं तेव्हा सगळे माझ्याकडे आले. ‘मी कोणी नाही’ असं तेव्हा कसं सांगणार?”

“मला तरी सांगायचं होतं,” ती म्हणाली.

तो मान खाली घालून म्हणाला, “हो, तुला सांगायला पाहिजे होतं.”

मी त्याला ग्रंथपालांचं म्हणणं समजावून सांगितलं. ही हकीकत कुणी छापली असती तर पान ठेवता आलं असतं. नुसतं ऐकलेलं आपण तिथे लिहू शकत नाही. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, “काढून टाका भाऊ. परवा पलसाण्याहून एक बाई ते वाचून आली. तिच्या घरमालकाला नोटीस द्या म्हणत होती. मी कशी नोटीस देणार? तिला तसंच परत पाठवावं लागलं.”

चर्चेत मुलीनेच पान काढायच्या बाजूने मत दिलं. कारण तिने एवढंच लिहिलं: ‘संदर्भ मिळत नाहीत.’ दोन-तीन दिवसांनी पान गेलं.

दुकानावरची ‘झोन महापौर’ लिहिलेली पाटी त्याने बदलून घेतली, आता तिथे फक्त दुकानाचं नाव आहे. लोक मात्र महापौरच म्हणतात, आणि तो ओ देतो. मुलगी काही आठवडे त्याच्याशी मोजकंच बोलत होती, असं माझ्या बायकोला मुलीच्या आईकडून कळलं. पुढे ते निवळलं. झोन ऑफिसला जाताना आता तो तिला बरोबर नेतो. अर्ज गुजरातीत लिहायचं काम तिच्याकडे आहे, आणि खाली पदाच्या जागी ती ‘रहिवासी’ लिहिते.