माझ्या पेटीची झडती

नवऱ्यानं निरोधचं पाकीट सगळ्यांसमोर अंगणात फेकलं. सोयाबीन निवडत बसलेल्या बायांच्या मधोमध पडलं. गावातल्या आशाताईकडून आणून मी ते माझ्या पेटीत, साड्यांखाली ठेवलं होतं.

"सांग, कोणासाठी आणलं हे?"

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. सासरे खाटेवर होते, त्यांनी मान फिरवली. मी म्हटलं, तुमच्यासाठीच. त्यानं थोबाडीत मारली.

माझा नवरा बल्लारपूरकडे कोळशाचा ट्रक चालवतो. पंधरा-वीस दिवसांनी घरी येतो. रस्त्यात कुठी थांबतो, कोणाकडे जातो, हे त्याचे सोबती माझ्यासमोरच हसून सांगायचे. त्याला कधी कोणी अंगणात उभं करून विचारलं नाही. तो गडी. झडती माझ्या पेटीची.

माझी मोठी बहीण जिवती तालुक्यात दिलेली. तिचा नवरा एड्सनं मेला. रोग तिला त्याच्यापासूनच लागला, तरी सासरच्यांनी तिलाच नासकी ठरवलं. ताट वेगळं, लोटा वेगळा, झोपायला गोठा. आता सरकारी दवाखान्याच्या गोळ्या घेते, दिवसभर वावरात राबते. एकदा मला म्हणाली, "त्याचं वाळणं मले दिसत होतं वं. पण नवऱ्याले नाई म्हणता येते, हे मले कोणी सांगितलंच नाई."

त्या दिवशी गाल जळत होता आणि डोक्यात बहिणीचं हेच बोलणं होतं. मी वाकली. पाकीट उचललं. माती झटकली.

"हे वापरा. नाईतर चला दवाखान्यात, दोघंई रक्त तपासू. दोन्ही नाई जमत, तर माझ्या अंगाले हात लावू नका."

हसणाऱ्या बायांचे पदर तोंडावरून खाली आले. सासू म्हणाली, "नवऱ्याले नाई म्हणणारी बाई मी जलमात पाह्यली नाई."

"आता पाहा," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी एकटीच पोंभुर्ण्याच्या सरकारी दवाखान्यात गेली. रक्त दिलं. तिथल्या मॅडमनं विचारलं, नवरा काऊन नाई आला? म्हटलं, तो भेते. रिपोर्ट चांगला निघाला. तीन महिन्यांनी परत तपासा म्हणाल्या. तपासलं. तोही चांगला.

त्यानं अजून रक्त दिलं नाही. दोनदा जबरदस्ती करायला आला. दोनदा मी बोंब मारून शेजार गोळा केला. लोकांसमोर तो मान खाली घालून बाहेर गेला. गाव मला बेशरम म्हणते. म्हणू दे. बहीण लाजली होती, तिला लाजेनं काय दिलं?

आता तो दुसरी बायको आणतो म्हणून धमकी देतो. आणू दे. ती दारात आली की ओवाळायच्या आधी मी तिच्यासमोर जाऊन उभी राहीन. सांगीन, "बाई, आधी याचा रिपोर्ट माग."