लसीच्या डब्यातली बाटली

एप्रिल १९९७, मंगळवार. पासलीच्या शाळेत गोवराची लस टोचायची होती. मी आदल्या दिवशीच एसटीने पोचले होते. वाड्यांवरून उन्हात चालत आलेल्या बायका पोरं घेऊन ओट्यावर बसल्या होत्या. आमचा ड्रायव्हर सुरेश भोरहून जीपमधून लस घेऊन आला, तोही दोन तास उशिरा. मी डबा उघडला. बर्फाचं पाणी झालेलं आणि त्यात कोल्ड्रिंकची अर्धी बाटली.

वाटेत कापूरहोळला त्याला मित्र भेटले होते. बाटल्या गार करायला यानं लसीचाच डबा वापरला. गोवराची लस एकदा तापली की संपली. पुन्हा गार करून उपयोग नसतो. मी सगळी लस बाजूला काढली आणि बायकांना उद्या यायला सांगून परत पाठवलं.

संध्याकाळी भोरला आमच्या मिशन दवाखान्यात डॉक्टरबाईंसमोर उभे राहिलो.

"बाई, याला आजच कामावरून काढा," मी म्हणाले.

"सिस्टर बरोबर बोलत्यात," सुरेश म्हणाला. "काढा मला."

"काढणार नाही. उद्या जीप तूच न्यायचीस."

"मंग दुसरी कायतरी शिक्षा द्या की, बाई. असं नगा करू."

"शिक्षा नाही. जा, जेवून घे."

तो गेल्यावर मी भडकले. "त्याची लायकी तरी आहे का माफीची?"

"लायकी बघून दिलं तर ते बक्षीस, सिस्टर. चर्चमध्ये आपण कृपा कशाला म्हणतो?"

ख्रिस्ताची कृपा फुकट मिळते, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. ती दुसऱ्याला मिळताना बघणं जड जातं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा मी स्वतः भरला आणि मांडीवर घेऊन जीपमध्ये बसले. माफी दिली म्हणून लक्ष ठेवायचं नाही, असं थोडंच आहे? सुरेश कापूरहोळला थांबला नाही. मी थांबूही दिलं नसतं.

पासलीला जवळजवळ सगळ्या बायका पुन्हा आल्या. नातवाला कडेवर घेतलेली एक म्हातारी तडकलीच.

"काल कुणापायी हेलपाटा पडला गं आमाला? नाव सांग त्याचं!"

सुरेश माझ्या शेजारीच उभा होता. त्याची मान खाली गेली.

"आमची चूक झाली, आजी," मी म्हणाले आणि पोराचा दंड पुसायला घेतला.