पट्ट्यावरून गेलेली सात

माझे बाबा चुनखडीच्या खाणीत, दगड वाहून नेणाऱ्या सरकत्या पट्ट्याशेजारी उभे राहून गोल दगडांचा निवाडा करायचे. गळ्यात दोरीला भिंग, म्हणून सगळे त्यांना भिंगकाका म्हणत. आई म्हणायची, "एवढं निरखून माझ्याकडे कधी पाहिलं नाहीत."

या खाणीत पूर्वी डायनोसॉरची अंडी सापडली होती. तेव्हापासून नियमच झाला, गोल दगड भरडायला क्रशरमध्ये जाण्याआधी बाबांच्या हातून गेला पाहिजे. अंडे निघाले की संग्रहालयाची माणसे येईपर्यंत काम बंद, आणि चाळीस घरांच्या चुली थंड. मागच्या वेळी दोन महिने लागले होते. त्यामुळे बाबा "दगड" म्हणाले की पट्ट्यावरच्यांचे चेहरे खुलायचे. शंभरातले नव्व्याण्णव दगडच असत, हेही खरे.

मलाही त्यांनी शिकवले होते. "आधी ओला कर. कोरडा दगड खोटं बोलतो. मग फुटलेली कड बघ. साधा गोळा कांद्यासारखा सुटतो, पापुद्र्याखाली पापुद्रा. अंड्याला एकच कवच, नखाएवढं जाड, सगळीकडे सारखं. आणि त्यावर बारीक छिद्रं."

"छिद्रं कशाला?"

"आतल्याला श्वास लागतो ना."

हे ते इतक्या सहज म्हणत की माझ्या अंगावर काटा यायचा.

त्या दिवशी क्रशर सकाळपासून सारखा तुंबत होता आणि मुकादम बाबांच्या डोक्यावर बसला होता. नारळाएवढा एक गोळा आला, चुन्याने माखलेला. पाण्याची बादली रिकामी. बाबा म्हणाले, "दगड." आयुष्यात पहिल्यांदाच, न भिजवता. क्रशरच्या जबड्यातून अर्धा तुकडा उडाला तो त्यांच्याच पायाशी पडला. कड नखाएवढी, सगळीकडे सारखी. आत मुडपून झोपलेली बारीक हाडे होती. कणा माझ्या करंगळीएवढा.

तो तुकडा त्यांनी जेवणाच्या डब्यात घालून घरी आणला. आईने पाहिला आणि त्यावर फडके टाकले. "झाका ते. बघतंय."

"अंडं एकटं नसतं," बाबा म्हणाले. "भावंडं खाणीच्या त्याच भिंतीत असणार."

"मग उद्या सांगून टाका!" मी तडकले.

"पट्ट्यावरच्या पोराच्या बायकोचे दिवस भरलेत गं. आत्ता काम बंद झालं तर?"

त्यांनी सांगितले नाही. मला त्यांचा राग आला, अजूनही येतो. पुढे रोज एक गोळा येत राहिला. बाबा तो नीट भिजवायचे, भिंग लावायचे, बराच वेळ बघायचे आणि म्हणायचे, "दगड."

त्याच दिवसांत टकटक सुरू झाली. भर दुपारी, जेवणाच्या सुट्टीत यंत्रे थांबली की भिंतीतून यायची. टक, टक, मग थोडी उसंत, पुन्हा टक. मुकादम म्हणाला, "उन्हानं खडक तडकतो, त्यात काय एवढं!" पण त्या भिंतीवर ऊन कधी येतच नसे. लोक आधी भिंतीकडे पाठ करून जेवू लागले, मग लांब जाऊन. मी डबा द्यायला जायचे, मीही ती ऐकली. बाबा घरी ताटाच्या कडेवर बोट वाजवायचे ते त्याच लयीत, आणि त्यांना पत्ताही नसे. एकदा आईने त्यांचा हात घट्ट धरून ठेवला. बोट तिच्या मुठीत वाजतच राहिले.

सातवा गोळा गेला त्या दुपारी टकटक थांबली. चाळीस माणसे हातातला घास हातात धरून ऐकत बसली. काहीच आले नाही. टकटक परवडली, पण ती शांतता नको, असे मला झाले. बाबा उठले, हातही न धुता कचेरीत गेले आणि संग्रहालयाला फोन लावला.

दोन दिवसांनी संग्रहालयाच्या बाई आल्या. भिंतीत कमरेच्या उंचीवर सात गुळगुळीत खळगे होते, गोलाकार मांडलेले. बाईंनी एकेका खळग्यात हात घालून पाहिला. दरवेळी हात जरा जास्तच पटकन बाहेर काढला.

"पूर्ण घरटं होतं हे," त्या म्हणाल्या. "सात अंडी. तपासायला कोण होतं?"

मुकादमच पुढे झाला. "बाई, आमच्या काकांना मोतीबिंदू झालाय. दिसतच नाही हो त्यांना. म्हातारं माणूस, चुकलं."

धडधडीत खोटे होते, पण मायेपोटी होते. पट्ट्यावरच्या त्या पोराने मान डोलावली, मग सगळ्यांनीच. बाई नरमल्या. "मग तुमचा काय दोष, काका?"

घ्या ना बाबा ही सुटका, मी मनात म्हणत होते. अगदी हात जोडून.

"मला दिसतं," बाबा म्हणाले. "पहिलं चुकून गेलं. बाकीची सहा मी ओळखून सोडली."