तिजोरीचा अर्धा आकडा

माझा स्वभाव तापट. नागपूरच्या उन्हाला दोष देऊन मोकळं होता आलं असतं, पण आमच्या घरात बाकी सगळे शांत आहेत. अशा बाईला तिजोरीचा अर्धा आकडा सांभाळायला देणं म्हणजे साहेबांनी जरा धाडसच केलं होतं.

नव्वदच्या दशकाचा उत्तरार्ध होता. लग्नानंतर मी बंगळूरला आले होते. नवरा विमानांच्या सरकारी कारखान्यात इंजिनिअर, बिऱ्हाड जे. पी. नगरला, आणि मला एका बँकेच्या क्रेडिट कार्ड विभागात नोकरी लागलेली. कोऱ्या प्लास्टिकच्या कार्डांवर ग्राहकाचं नाव आणि नंबर उठवायचे, ती पोस्टानं पाठवायची, दुकानांतून आलेल्या चिठ्ठ्या तपासायच्या, असं आमचं काम होतं.

उरलेला अर्धा आकडा होता अक्कांकडे. अक्का म्हणजे विभागातल्या सर्वांत जुन्या बाई. पन्नाशीच्या, लग्न न केलेल्या, जयनगरला चौथ्या ब्लॉकजवळ लहानशा घरात एकट्या राहणाऱ्या. घराणं मराठी, पण कैक पिढ्या इकडेच गेलेल्या. पहिले काही दिवस त्यांची मराठी मला समजत नव्हती आणि माझी त्यांना उद्धट वाटत होती. पुढे दोघींची सवय झाली. इतकी, की त्या दिवाळीत मी त्यांना माझ्या घराची जादा किल्ली दिली आणि एका कागदावर नागपूरच्या शेजाऱ्यांचा फोन नंबरही लिहून दिला. मी नुकतीच गरोदर होते, नवऱ्याच्या पाळ्या असत, काही झालं तर कुणाकडे तरी हे असावं म्हणून.

त्याच सुमारास साहेबांच्या टेबलावर एक जाड बाड येऊन पडलं. ज्या परदेशी कंपनीच्या नावानं आम्ही कार्डं द्यायचो, तिचे सुरक्षेचे नवे नियम. सिंगापूरहून तपासनीस येणार, नियम पाळले जात नाहीत असं दिसलं तर कार्डं बनवायचं काम बंगळूरहून काढून मुंबईला नेणार. तयारीची जबाबदारी अक्कांवर आणि मदतीला मी.

बाड वाचताना आमच्या लक्षात आलं की आपण आजवर देवाच्या भरवशावर चाललो होतो. चिठ्ठ्यांमधले कार्बन उघड्या टोपलीत जात, आणि त्यांवर ग्राहकाचा अख्खा नंबर उजेडात धरला की वाचता येई. फोनवर नंबराची खात्री करून घ्यायची तर आमचे एक गृहस्थ तो इतक्या मोठ्यानं वाचत की खालच्या चहावाल्यालाही ऐकू जावा. पण खरी गोम होती पाठकोऱ्या कागदांची. ग्राहकांच्या याद्या लांबच लांब जोडकागदांवर छापून येत, आणि मागची बाजू कोरी. कोरा कागद फेकणं आमच्यापैकी कुणाच्याच रक्तात नव्हतं. दर महिन्याला प्रत्येक जण एक गठ्ठा घरी नेई. शहरातल्या निम्म्या कार्डवाल्यांचे नंबर आमच्या मुलाबाळांच्या गणितांच्या पाठीमागे पडलेले होते.

ते गोळा करायला अक्का आणि मी दोन-तीन रविवार रिक्षानं फिरलो. लोक हसायचे, कॉफी द्यायचे, गठ्ठे काढून द्यायचे. एका घरी गृहिणीनं ते कागद स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर अंथरले होते. अक्कांनी एक-एक करून सगळे डबे खाली उतरवले, कागद काढले, पिशवीतून आणलेली वर्तमानपत्रं त्या जागी अंथरली आणि डबे होते तसे लावून ठेवले. त्या बाईंना ओशाळायला जागाच ठेवली नाही. मी मात्र परतीच्या वाटेवर तावातावानं बोलत होते, माणसांना साधी अक्कल कशी नसते म्हणून. अक्का म्हणाल्या, "स्वल्प थांब गं. तुझ्या माळ्यावरचा गठ्ठा आणलास काय?" आणलेला नव्हता.

नियमांतला सर्वांत कडक नियम तिजोरीचा होता. कोरी कार्डं आणि यंत्रांचे गुप्त संकेत ठेवलेली ती तिजोरी कुणाही एका माणसाला उघडता येता कामा नये. म्हणून तिच्या तबकडीच्या आकड्याचे दोन भाग केले. पहिला माझा, दुसरा अक्कांचा. मी फिरवत असताना अक्कांनी भिंतीकडे तोंड करायचं, त्या फिरवत असताना मी. त्या भिंतीवर एक कन्नड दिनदर्शिका होती. मी कन्नड आकडे वाचायला शिकले ते तिथे उभी राहून.

माझं बाळंतपण नागपूरला व्हायचं ठरलं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, यात आमच्याकडे चर्चेला जागा नसते. शिवाय बाबांना आदल्या वर्षी अर्धांगाचा झटका येऊन गेला होता, त्यांना सोडून आईला बंगळूरला येणं शक्य नव्हतं. म्हणजे मी गेले तरच आई मिळणार होती. फेब्रुवारीच्या सुरुवातीला तपासणी, अखेरीला माझं तिकीट. डॉक्टरांनी बजावलं होतं की सातवा संपल्यावर इतक्या लांबचा रेल्वेप्रवास नाही.

आणि तपासणी पुढे गेली. सिंगापूरहून निरोप आला की तपासनीस उगादीनंतर, म्हणजे आपल्या गुढीपाडव्यानंतर, एप्रिलमध्ये येतील.

अक्कांनी दिवाळीतच मुंबईच्या मुख्य ऑफिसला लिहिलं होतं की ही मुलगी रजेवर जाणार आहे, तिच्या जागी तिसरा माणूस मंजूर करा, आकडा बदलायला तिजोरीच्या कंपनीचा कारागीर पाठवा. उत्तर नाही. संक्रांतीच्या आधी पुन्हा लिहिलं. उत्तर आलं की प्रकरण विचाराधीन आहे. आणि मी तशीच निघून गेले असते तर दुसऱ्या दिवसापासून तिजोरी उघडणं बंद, तपासणी नापास, आणि सगळ्या विभागाची मुंबईला बदली.

साहेब मुंबईचे होते. त्यांना यात अवघड काहीच दिसत नव्हतं. आम्हा दोघींना केबिनमध्ये बोलावून ते म्हणाले, "सिंपल आहे. तुमचा नंबर अक्कांना सांगा आणि बिनधास्त जा. कोण बघतंय?"

मला त्या क्षणी ते देवमाणूस वाटले. आम्ही बाहेर आलो, मी अक्कांना तिजोरीच्या खोलीत ओढत नेलं, दार लोटलं आणि म्हणाले, "लक्षात ठेवा हं. पहिला आकडा..."

अक्कांनी दोन्ही हात कानांवर घट्ट दाबले आणि मोठमोठ्यानं कन्नडमधून बेचा पाढा सुरू केला. "एरडोंद्ली एरडु! एरडेरड्ली नाल्कु!"

"अक्का, काय करून राहिल्या तुम्ही?"

पाढा चालूच. मी थांबले की त्या थांबत, मी तोंड उघडलं की पुन्हा पहिल्यापासून. बाहेर लोक जमले. शेवटी मला रडू फुटलं तेव्हा त्यांनी हात खाली घेतले.

"तुझा अर्धा माझ्याकडं आला की दोन्ही माझेच झाले," त्या म्हणाल्या. "उद्या एक कार्ड कमी भरलं तर? तू तिकडं बाळंत, इकडं कुणी तुझं नाव घेतलं तर? तुझ्यासाठी छातीवर हात ठेवून बोलायला मी मोकळी पाहिजे. आणि माझ्यासाठी तू."

"मला माझी आई पाहिजे," मी म्हणाले. मोठ्या बाईनं ऑफिसात बोलायचं हे वाक्य नाही, पण मी बोलले.

"सरी, बरं," अक्का हळूच म्हणाल्या. "ते मला कळतंय. बाळंतपण माझ्या घरी. मी करते."

मी फणकाऱ्यानं म्हणाले, "तुम्हाला काय येतं त्यातलं?" आणि निघून आले. तिकीट रद्द करायला नवरा गेला. मला स्टेशनात पाऊल टाकवेना.

त्यानंतर मी अबोला धरला. पण तिजोरी रोज उघडायची होती. सकाळी आम्ही त्या खोलीत जायचो, मी गाल फुगवून माझे आकडे फिरवायचे, अक्का भिंतीकडे तोंड करून उभ्या. मग त्या फिरवायच्या, मी दिनदर्शिका बघत उभी. तबकडी गुडघ्याच्या उंचीवर होती आणि माझं पोट वाढत चाललेलं. एक दिवस तिथे एक बुटकं स्टूल आलं. कुणी आणलं ते मी विचारलं नाही, पण बसले त्यावरच.

अबोला कसा संपला ते आठवत नाही. बहुधा अक्कांनी डब्यातून आंबट-गोड गोज्जू आणला असेल आणि माझी जीभ आधी विरघळली असेल.

उगादी झाली आणि तपासनीस आले. गळ्यात टाय, हातात त्याच बाडाची प्रत. त्यांनी टोपल्या तपासल्या, दारं तपासली, फोनवाल्या गृहस्थांना नंबर विचारायला लावला. त्यांनी इतक्या हळू आवाजात विचारला की पलीकडच्या दुकानदारानं फोन बिघडला समजून ठेवून दिला. मग तिजोरी. मी स्टुलावर टेकून माझे आकडे फिरवले, अक्का भिंतीकडे तोंड करून उभ्या. तपासनीस माझ्या पोटाकडे बघत होते. नंतर त्यांनी अक्कांना बाजूला घेऊन इंग्रजीत विचारलं, ही बाई आज-उद्या दवाखान्यात जाईल, अडीअडचणीसाठी तिनं तुम्हाला आकडा सांगून ठेवला असेलच ना?

मी स्टुलावरूनच ऐकत होते. अक्का म्हणाल्या, "सर, तिच्या घराची किल्ली माझ्याकडे आहे. तिचा रक्तगट मला माहीत आहे. हे माहीत नाही." मग त्यांनी मुंबईला धाडलेली दोन्ही पत्रं पुढे ठेवली.

आम्ही पास झालो. आणि तपासनिसांनी जाण्यापूर्वी मुंबईला फोन लावल्यामुळे असेल, पाच महिने न हललेलं प्रकरण त्याच आठवड्यात हललं. कारागीर आला, आकडा बदलला, माझ्या जागी तिसरा माणूस नेमला गेला, अक्कांच्या रजेपुरता एक बदलीचाही, आणि मी मोकळी झाले. नागपूरला जायला तेव्हा फार उशीर झाला होता.

मेच्या सुरुवातीला जयनगरच्या एका नर्सिंग होममध्ये मला मुलगी झाली आणि मी तिथून अक्कांच्या घरी गेले. सव्वा महिना राहिले. त्या घरात मी जे सुख भोगलं त्याची परतफेड माझ्या हातून झालेली नाही, होणारही नाही. अक्कांनी रजा काढली होती. पहाटे बंब पेटायचा. पाय लांब करून, त्यावर मुलीला पालथी घेऊन त्या न्हाऊ घालायच्या, आणि ती रडायची नाही. मला शेक, धुरी, वर डोक्याला घट्ट रुमाल. आळिवाची खीर. डिंकाचे लाडू तर असे की पहिला तोंडात घातला आणि मी थबकले.

"अक्का, हे आईच्या हातचे लागतात."

"लाडू सगळीकडं सारखेच असतात, खा," त्या म्हणाल्या.

"आणि न्हाऊ घालायला कुठं शिकलात?"

"बघून."

मी सुखात होते, फार खोलात गेले नाही. रविवारी फोनचे दर कमी असत, तेव्हा नवरा कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून आईशी बोलायचा. अक्का किती करतात ते तो भरभरून सांगायचा. आई नुसतं "बरं, बरं" म्हणते, असं तो आश्चर्यानं मला सांगायचा. मला वाटायचं, बिचारीच्या मनाला लागलं असेल.

ऑगस्टमध्ये मुलीला घेऊन मी नागपूरला निघाले. सोबतीला अक्का. पूर्वी आम्हा दोघींना एका वेळी रजा घ्यायला बंदी होती, आता मी तिजोरीतून सुटले होते. गाडीत मी म्हटलं, "तो आकडा तर आता बदलला. तुमचा अर्धा काय होता ते तरी सांगा." अक्कांनी मुलीला माझ्याकडे दिलं आणि दोन्ही हात उचलून कानांवर ठेवले. आम्ही दोघी इतक्या हसलो की समोरच्या बाकावरचं कुटुंब बघत राहिलं.

घरी पोचलो तेव्हा आई दारात भाकरतुकडा घेऊन उभी होती. तिनं तो आम्हा मायलेकींवरून ओवाळला, आणि मग ती मला किंवा नातीला जवळ न घेता सरळ अक्कांकडे गेली. त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. दोघी यापूर्वी कधी भेटलेल्या नव्हत्या.

"तुम्ही बारीक आवाजाच्या, म्हणून मला वाटलं बुटक्या असाल," आई म्हणाली.

मी विचारलं, "आवाज तू कुठं ऐकला?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे यांनी तुला सांगितलंच नाही? अगं, दर रविवारी यांचा फोन. शेजारच्या काकू हाक मारायच्या आणि मी धावत जायची. न्हाणं, शेक, डिंक किती तुपात तळायचा, सगळं विचारून घेतलं. एकदा तर फोनवर म्हणाल्या, उशी मांडीवर घेऊन बसली आहे, आता सांगा."

"कधीपासून?"

"संक्रांतीपासून. पहिल्याच फोनवर विचारलं, मुंबईची मंजुरी काही वेळेवर येईल असं दिसत नाही, मला बाळाची मान कशी धरायची ते शिकवाल का?"

अक्का पायरीवर चपला काढत होत्या आणि त्या कामाला त्यांनी भलताच वेळ लावला. मी मुलीला घेऊन तशीच उभी राहिले. तो पाढा, तो माझा फणकारा, सगळं त्यानंतरचं, फेब्रुवारीतलं. त्यांनी कानांवर हात ठेवले त्या दिवशी, त्या हातांना माझ्या मुलीची मान धरता येत होती.